आपल्या लाइनचा शेवटचा गोळा

४ जानेवारी

धाकटे,

कौल लागला. संचालकांच्या बैठकीत सगळे हात एकदम वर गेले, शाळेत बाईंनी "कोणाला घरी जायचंय?" विचारावं, तसे. मार्च संपला की आपली लाइन मोठ्या कंपनीत विलीन. विलीन! साखर पाण्यात विलीन होते तेव्हा निदान पाणी गोड होतं. अजगराने ससा गिळला तर त्याला कोणी विलीनीकरण म्हणत नाही. पण पत्रकात तोच शब्द आहे, जाड ठशात, आणि खाली सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही आपल्या गाडीने कधी प्रवास केलेला नाही.

इथे संघटनेच्या कार्यालयात सगळ्यांचा आवाज बसलाय. "दादा, आता वाटाघाटीच करू या." मी म्हटलं, ज्याच्या पुढ्यातलं ताट ओढून नेतायत त्याने वाटाघाटी कशाच्या करायच्या, चमचा डावीकडे ठेवायचा की उजवीकडे?

आपल्या बापाने या लाइनीवर रूळ ठोकता ठोकता कंबर घालवली. तू तिच्या तिकीट खिडकीत बसून केस पिकवलेस. मेहुणे तिच्या इंजिनात उभे राहून म्हातारे झाले. आणि लाइन कोणाची, तर तिचे कागद ज्यांच्या कपाटात आहेत त्यांची! हे मी मान्य करणार नाही. शेवटच्या दिवशी काहीतरी घडलं पाहिजे. नुसती मान खाली घालून घरी जायचं असेल तर आपण इतकी वर्षं माणसं होतो की डबे?

मेहुण्यांना दोनदा लिहिलं, उत्तर नाही. रागावलेत का? लाइनीवरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर बोलला तर बाकीचे ऐकतील. त्यांना म्हणावं, भोंगा वाट बघतोय.

तुझा
दादा


१९ जानेवारी

दादा,

वाकून नमस्कार केला असं समज. प्रत्यक्षात माझे गुडघे आता वाकत नाहीत.

तुझं पत्र नुसतं उघडलं तरी शेजारच्या क्वार्टरमधले दार उघडून बघतात, कोणाचं भांडण चाललंय म्हणून. भोंगा हे नाव तुला ज्याने ठेवलं त्याचं भलं होवो.

हे रागावलेले नाहीत. चष्म्याचा नंबर वाढलाय, लिहायचा कंटाळा करतात, म्हणून मीच लिहिते. थकलेत, इतकंच. एकच गोष्ट दोनदा विचारतात, चहात साखर दोनदा घालतात. परवा तर टोकनचा गोळा स्टेशनमास्तरांना न देता डब्याच्या पिशवीत टाकून सरळ घरी घेऊन आले. मी चपला शोधत बसले नाही, अनवाणीच स्टेशनवर पळाले. मास्तर म्हणाले, "वहिनी, उद्या इंजिनही घेऊन येतील हो, अंगणात जागा करून ठेवा."

आता भाषण थांबवून ऐक. मोठ्या कंपनीचं पत्र आलंय. ज्या ड्रायव्हरचं वय झालंय त्याला एक एप्रिललाच मानाने निवृत्त करणार. निवृत्तिवेतन पूर्ण, आणि दोघांपैकी एक जण असेपर्यंत क्वार्टर आमचं. अट एकच, तोवर नोकरीला डाग लागता कामा नये. म्हणजे आम्हाला मार्च पार करायचाय, बस्स. मला इतिहास नको. मला हे स्वयंपाकघर हवंय. याच्या खिडकीतून सिग्नल दिसतो. तो पडला की मी जेवण गरम करायला ठेवते. एवढंच माझं राज्य आहे, आणि ते मला राखायचंय.

वहिनी गेल्यापासून तू जेवतोस की नुसता बोलतोस?

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

तू गंमत म्हणून लिहिलंस आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. गोळा घरी आणला!

आठवतं, बाप आपल्याला पहिल्यांदा मास्तरांच्या खोलीत घेऊन गेला होता? तू त्या लाल यंत्राला हात लावलास आणि चापट खाल्लीस. लाइन एकेरी, म्हणून एका वेळी एकच गाडी. जंक्शनच्या यंत्रातून एक पोलादी गोळा निघतो. ड्रायव्हर तो बरोबर घेऊन येतो, इथे मास्तरांच्या हातात देतो, मास्तर तो आपल्या यंत्रात टाकतात. तोवर दोन्हीकडची यंत्रं मुकी. दुसरा गोळा निघत नाही, म्हणून दुसरी गाडी सुटत नाही. बाप तुझा गाल चोळत म्हणाला होता, "गोळा जोवर याच्या हातात आहे तोवर लाइन याची. राजा आला तरी जंक्शनवर उभा राहील."

धाकटे, एक एप्रिलला सकाळी राजा येतोय. मोठ्या कंपनीची पहिली गाडी, आत संचालक, फुलं, फोटोवाले. आणि आदल्या संध्याकाळची आपली शेवटची गाडी मेहुणेच आणणार. त्यांनी गोळा दिलाच नाही तर? दगड नाही, काठी नाही, कोणाला ओरखडा नाही. एक म्हातारा माणूस एक वस्तू परत करत नाही, आणि एवढी अवाढव्य कंपनी ताटकळत उभी! संपांचे इतिहास मी कपाटभर वाचले, याहून देखणा संप कुठे वाचला नाही. मेहुण्यांच्या मनात हेच आहे. उगाच नाही त्यांनी गोळा घरापर्यंत नेऊन पाहिला. न बोलणारी माणसं अशीच तयारी करतात.

त्यांना हे पत्र वाचून दाखव.

दादा


१० फेब्रुवारी

दादा,

वाचून दाखवलं नाही. शेगडीत घातलं.

तयारी म्हणे! तुला माणूस दिसतच नाही रे, तुला त्याच्या हातातला झेंडा दिसतो. नसला तर तू देतोस. संपात तू नोकरी घालवलीस, ती तुझी होती. घालव. वहिनीने आयुष्यभर शिवणकाम करून तुझी तत्त्वं पोसली, तिला कधी विचारलंस? ही नोकरी आमची आहे.

तुला एक सांगायचंय, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. इथलं टपाल स्टेशनातूनच जातं आणि माझं अक्षर सगळ्यांना ओळखू येतं. म्हणून तू ये. एक दिवस ये, भाषण घरी ठेवून. यांच्यासमोर बस, चहा पी, बोल. तुझं तुला कळेल.

हल्ली संध्याकाळची गाडी आली की मी खिडकी लावून फलाटावर जाते. हे इंजिनातून उतरले की यांच्या खांद्यावरची पिशवी मी घेते. हमाल एकमेकांना कोपर मारतात, "या वयात काय हे प्रेम!" मारू देत.

ये.

धाकटी


६ मार्च

धाकटे,

येणं जमत नाही. एक तारखेच्या संध्याकाळी इथे मोठी सभा आहे, सगळ्या लाइनींचे कामगार येणार, आणि तोवर रोज कुठेतरी बोलायचंय. एप्रिलमध्ये येतो, मग हवं तितकं भांड.

पण जे तुला पत्रात लिहिता येत नाही ते मला कळलं. टपालाची भीती रास्त आहे. यावर आता आपण काही लिहायचं नाही. मेहुण्यांना एवढंच सांग: भोंग्याला समजलं.

दादा


१ एप्रिल

दादा,

हे पत्र मिळेपर्यंत कुठे तोंड उघडलं नसलंस तर आता उघडू नकोस. पाया पडते.

यांना काही आठवत नाही. आज नाही, केव्हापासूनच. आधी शब्द गेले, मग वार, मग माणसं. इंजिनात चढले की हात आपोआप चालत, म्हणून कोणाला कळलं नाही. मग हातही थांबले. तेव्हापासून गाडी यांचा सहायक चालवतो, फारसं बोलत नाही म्हणून ज्याला सगळे मुका म्हणतात तो. हे नुसते शेजारी उभे राहतात. मुक्याला माहीत, मला माहीत. मास्तरांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. गोळा रोज मीच यांच्या पिशवीतून काढून मास्तरांना द्यायची. तेच ते प्रेम.

मागे डब्यांत माणसं असत, दादा. लेकुरवाळ्या बाया असत. मी रोज त्यांना तिकिटं विकली. हे मी आजवर स्वतःशीही बोललेले नाही.

काल मोठ्या कंपनीने तिकीटवाल्या सगळ्यांना जंक्शनला बोलावलं. नव्या करारावर सही करा, आजच, नाहीतर घरी बसा. जाताना मास्तरांना म्हटलं, "गाडी आली की गोळा आठवणीने मागून घ्या." "हो हो वहिनी, जा तुम्ही." पण शेवटची गाडी होती. फलाटावर सगळं गाव. जो तो इंजिनाला हात लावून रडतोय. यांना लोकांनी खांद्यावर घेतलं, घरापर्यंत मिरवत आणलं. मास्तर तर पोरासारखे रडत होते म्हणे, टोपी तोंडावर धरून. कोण कोणाकडे गोळा मागणार?

मी बसने परत आले तेव्हा हे झोपले होते. पिशवी खुंटीला होती. मी ती पाहिली नाही. रोज पाहिली, आणि कालच नाही. मार्च संपला, एवढंच मनात होतं. पाठ टेकली आणि झोपले.

सकाळी हे नाहीत, पिशवी नाही. ड्युटीचे कपडे घालून रुळांवरून चालत निघाले होते. तिकडे जंक्शनवर पहिली गाडी उभी, यंत्र गोळा देईना. कंपनीचे साहेब फोनवर ओरडले, कागदावर परवानगी लिहा आणि सोडा गाडी. मास्तरांनी लिहिली नाही. म्हणाले, "लाइनीवर माझा माणूस आहे." भर दुपारी हे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या झोपडीत सापडले, गोळा मांडीवर. मुक्याने विचारलं, "इथे काय करताय?" तर म्हणाले, "अजून सिग्नल नाही मिळाला."

तोवर फोटोवाले पोचले होते.

मास्तरांनी साहेबांशी बोलून ठेवलंय. म्हातारपण, विसरले, असं धरलं तर आठवडाभरात मिटेल. घर राहील. फक्त कोणी याला दुसरं नाव देऊ नये. कोणी म्हणजे तू.

धाकटी


२ एप्रिल

धाकटे,

काल सभा भरलेली असतानाच बातमी आली, आणि आज सगळ्या वर्तमानपत्रांत तो फोटो! झोपडीच्या दारात मेहुणे, मांडीवर गोळा, आणि चेहऱ्यावर ती शांती. एवढी पुस्तकं वाचली, अशी शांती मला एकाही बंडखोराच्या वर्णनात सापडली नाही.

मी टिपणं फेकून दिली. म्हणालो, "तुम्ही आमची लाइन कागदावर घेतलीत. पण लाइन कागदावर नसते. या क्षणी ती एका म्हाताऱ्याच्या मांडीवर आहे. त्याने दगड उचलला नाही, शिवी दिली नाही. त्याने फक्त परत दिलं नाही. जे आमचं आहे ते आम्ही परत का द्यायचं?" धाकटे, सगळं सभागृह उभं राहिलं. ज्यांनी वाटाघाटीची भाषा केली ते खाली बघत होते. मग मी सांगून टाकलं की हे काही लहर आली म्हणून झालेलं नाही. महिनोन् महिने तयारी चालली होती, आधी गोळा घरी नेऊन पाहिला होता, आणि याला साक्षीदार मी आहे. आता लपवायचं कशाला? झालं ते झालं.

भाषण पत्रक म्हणून छापलंय. गठ्ठा पाठवतोय. मेहुण्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि या वेळी शेगडीत घालू नकोस.

तुझा अभिमानी
दादा


६ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र आज आलं. माझं तुला पोचलं असणार.

चौकशीला मी येतो. साहेबांसमोर सांगतो की ती तयारी माझ्या डोक्यात होती, मेहुण्यांच्या नाही, आणि साक्षीदार म्हणून मी जे बोललो ते मी पाहिलेलं नव्हतं. बरंच लिहून खोडलं. कधी यायचं तेवढं कळव.

दादा


२३ एप्रिल

दादा,

येऊ नकोस. झाली चौकशी.

पत्रकांचा गठ्ठा तुझ्या पत्राच्याही आधी आला. मी कामावर होते. जुने लोक घरी जमले, कोणीतरी मोठ्याने वाचलं. मी आले तर हे पलंगावर ताठ बसलेले, आणि हसत होते. किती महिन्यांनी हसले ते. म्हणाले, "पुन्हा वाच." तो पुन्हा वाचत होता आणि माझ्याने त्याच्या हातातून कागद ओढवला नाही. तुझ्यावर सगळं लोटण्याआधी हे सांगायला हवं. मी दारात उभी राहून ऐकलं.

चौकशीत तुझं पत्रक टेबलावर होतं. मास्तरांनी सांगितलं, साहेब, हा माणूस आजारी आहे, विसरतो. मुका आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोलला असेल, गाडी मीच चालवत होतो म्हणाला. त्याचीही नोकरी गेली त्यात. डॉक्टरचा दाखला मी पुढे ठेवला. साहेब वाईट नव्हता. त्याने यांना जवळ बोलावून विचारलं, "बाबा, गोळा चुकून राहिला ना तुमच्याकडे?" नुसती मान हलवायची होती, दादा. मी मागून हात जोडले होते.

हे उठून उभे राहिले. आधी माझ्याकडे बघितलं, मग मुक्याकडे. "मला वेडा ठरवताय?" म्हणाले. आणि मग साहेबाला म्हणाले, "मी फक्त परत दिलं नाही. जे आमचं आहे ते आम्ही परत का द्यायचं?"

सेवेतून काढलं. महिनाअखेर क्वार्टर रिकामं करायचंय. स्वयंपाकघर आवरून झालंय. सिग्नल अजून दिसतो.

तुला जे जे म्हणायचं होतं ते इथे म्हणून झालंय. आता काही दिवस पत्र पाठवू नकोस.

धाकटी


१४ मार्च

धाकटे,

काही दिवस म्हणालीस, आता वर्ष होत आलं. मास्तरांकडून तुमची खबर घेत असतो, हे तुला माहीत असेल. लाइन बंद झाली तेही त्यांनीच कळवलं. गिळलेला ससा पचलासुद्धा. तोट्यात आहे म्हणाले, गाड्या थांबवल्या, आणि आता रूळही उपटले. ज्या रुळांवर बापाची कंबर गेली ते भंगारात. यासाठी हवी होती त्यांना आपली लाइन. ती चालवायला नाही, आड येऊ नये म्हणून.

त्या सभेनंतर मी व्यासपीठावर चढलेलो नाही. आता संघटना एकतीस तारखेला शेवटच्या दिवसाची आठवण म्हणून सभा घेतेय, आणि मेहुण्यांचा तो फोटो मोठा करून लावणार आहेत. मला बोलायला बोलावलंय. मी एकदाच बोलेन, खरं तेवढंच: तो माणूस बंडखोर नव्हता, आजारी होता, मी त्याच्या आजाराला माझं भाषण चिकटवलं आणि त्याचं घर घालवलं. पेपरात छापून येऊ दे. कदाचित कंपनीला प्रकरण पुन्हा उघडावं लागेल. निदान ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना कळेल की टाळ्या कशाला होत्या.

तुझा होकार असेल तरच. नसेल तर जाणार नाही.

दादा


२२ मार्च

दादा,

नको.

आम्ही आता धोबीखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. भिंती सदा ओलसर, वाफेचा वास कपड्यांतून जात नाही. लाइन गेली तशी माझी नव्या करारावरची नोकरीसुद्धा गेली. धोबीखान्यात कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचते. तिकिटंच म्हण. मालक म्हणतो, बाईचा हात बसलेला आहे.

हे मला ओळखत नाहीत. "बाई" म्हणतात. मी कोण, असं विचारलं की तिकीटवाल्या बाई, एवढं सांगतात. बाप आठवत नाही, लग्न आठवत नाही, स्वतःचं नाव विचारलं की खिसे चाचपतात. पण रविवारी मास्तर आणि मुका येतात. मास्तर नुसती सुरुवात करून देतात, "तुम्ही आमची लाइन कागदावर घेतलीत", आणि यांची पाठ सरळ होते. पुढचं सगळं हे म्हणतात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटी मुका टाळ्या वाजवतो आणि तोंड फिरवतो. तेवढा वेळ माझा नवरा घरी आलेला असतो. मग पुन्हा जातो.

सगळं गेलं, तुझी वाक्यं राहिली. खोटी आहेत, मला काय ते माहीत नाही? पण तू सभेत सांगणार, छापून येणार, आणि कोणीतरी भला माणूस तो पेपर घेऊन इथे येणार आणि यांना मोठ्याने वाचून दाखवणार. मागच्या वेळी आला होता तसा. मग यांच्याजवळ काय उरेल? तुझं मन हलकं व्हावं म्हणून तेवढंही काढून नेऊ नकोस. खरं ऐकायची वेळ होती तेव्हा मी "ये" म्हणून लिहिलं होतं. कंपनी प्रकरण उघडणार नाही. तिने यंत्रं विकली, लाल रंगासकट. त्यातच तो गोळाही गेला. तो त्याच दुपारी मास्तरांनी यंत्रात टाकला होता, कोणाला आठवतंय?

तू गप्प बस. तुला यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचत नाही, आणि यापेक्षा मोठं माझं काम तू करू शकत नाहीस.

हवं तर रविवारी ये. यांच्यासमोर बस, चहा पी. तू कोण ते यांना कळणार नाही. ते तुला तुझं भाषण म्हणून दाखवतील. टाळ्या वाजव.

आणि येताना थोडे बटाटे आण. हसू नकोस. संध्याकाळ झाली की हे कोट चढवतात, टोपलीतला एक बटाटा पिशवीत टाकतात, आणि दारापासून माझ्यापर्यंत चालत येतात. पिशवीतून तो काढून माझ्या हातात ठेवतात आणि म्हणतात, "घ्या बाई. लाइन मोकळी." कोणी आठवण करून द्यावी लागत नाही. रोज, न चुकता. मी दोन्ही हातांनी घेते, "मिळाला" म्हणते, आणि तोच चिरून फोडणीला टाकते.

लाइन मोकळी आहेच, दादा. रूळसुद्धा नाहीत तिच्यावर.

धाकटी